ठाण्यात आलेला कोल्लमचा बिशप : फ्रायर जोर्दानुस आणि चौदाव्या शतकातली एक साक्ष

(वेळापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय ऐकून काहींच्या मनात आलंच असेल की वेळापुरात बसून युरोपातल्या एका कॅथलिक बिशपाचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

आपल्या गावात अर्धनारी नटेश्वराचं देऊळ आहे. तिथले मराठी शिलालेख रामचंद्रदेव यादवाच्या काळातले, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. या रामचंद्रदेवाचं राज्य देवगिरीपासून खाली कोकण किनाऱ्यापर्यंत होतं. ठाणंही त्यात होतं. त्याच्या काळातले ताम्रपट ठाण्यात सापडलेले आहेत. म्हणजे वेळापूर आणि ठाणं एका राजाच्या अमलाखाली होतं. हे राज्य १३१८ च्या सुमारास संपलं. मुबारकशाह खलजीने देवगिरी कायमची घेतली आणि ठाण्याच्या बंदरावर दिल्लीचा अंमलदार बसला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत एक फ्रेंच धर्मोपदेशक ठाण्याला उतरला. यादवी बुडाल्यावर या मुलखात काय चाललं होतं हे डोळ्यांनी बघून लिहून ठेवणारी माणसं फार थोडी. त्यांतला हा एक. म्हणून आज त्याच्यावर बोलायचं.

त्याचं नाव जोर्दानुस. पुस्तकांत जोर्दानुस कातालानी असंही सापडतं. दक्षिण फ्रान्समधल्या सेवेराक गावचा, डॉमिनिकन संघाचा साधू. या साधूंना फ्रायर म्हणत, म्हणजे 'भाऊ'. मठात बसून राहायचं नाही, फिरायचं, भिक्षेवर जगायचं आणि प्रवचन करायचं. आपल्याला ही कल्पना समजायला जड जाऊ नये. दुसरा असाच संघ फ्रान्सिस्कनांचा. तेराव्या शतकात मंगोलांनी चीनपासून इराणपर्यंतचे रस्ते एका अमलाखाली आणले आणि हे दोन्ही संघ त्या रस्त्यांनी पूर्वेकडे निघाले. इराणमधलं तब्रीझ हा त्यांचा मोठा तळ होता.

तिथून १३२० च्या सुमारास एक छोटी टोळी हिंदुस्थानाकडे निघाली. जोर्दानुस एकटा डॉमिनिकन. बाकीचे चार फ्रान्सिस्कन : तोलेंतिनोचा थोमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. थोमस म्हातारा होता, देमेत्रियस भाषा जाणणारा होता. जायचं होतं केरळात, कोल्लमला. तिथे संत थोमसाची परंपरा सांगणारे ख्रिस्ती आहेत हे त्यांना ठाऊक होतं. होर्मुझवरून जहाज धरलं, वारा फिरला आणि जहाज लागलं ठाण्याला. म्हणजे आपल्याकडे त्यांचं येणं हा वाऱ्याचा खेळ. कोल्लम हे नाव मात्र लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

ठाण्यात पंधरा ख्रिस्ती घरं होती. ती रोमच्या पोपला मानणारी नव्हेत, इराणकडच्या पूर्व परंपरेची. युरोपातले लोक त्यांना नेस्तोरियन म्हणत आणि पाखंडी समजत. तरी त्याच पाखंड्यांनी या पाचही जणांना घरात घेतलं. काही दिवसांनी जोर्दानुस सोपाऱ्याच्या वाटेने भडोचकडे निघाला, तिकडे बाप्तिस्मा द्यायची माणसं आहेत असं कळलं म्हणून. चौघे ठाण्यात राहिले.

पुढे काय झालं ते ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कनाने सविस्तर सांगितलंय. हा ओदोरिक घटनेनंतर ठाण्यात आला आणि १३३० मध्ये इटलीत परतल्यावर त्याने आपला प्रवास तोंडी सांगून लिहवून घेतला. म्हणजे ही ऐकीव साक्ष आहे, पण जागेवर जाऊन ऐकलेली. तो सांगतो ते असं. ज्या घरात हे साधू उतरले होते, त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं. नवऱ्याने बायकोला बेदम मारलं. ती सकाळी उठून काझीकडे फिर्याद घेऊन गेली. काझीने विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, घरात चार फिरंगी साधू होते, त्यांनी पाहिलंय. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस हजर होता. तो म्हणाला, हे लोक शास्त्रात मोठे जाणकार असतात, बोलवा त्यांना, वाद करू. झालं. पीटर सामान राखायला घरी थांबला आणि तिघे काझीपुढे गेले.

तिथे वाद सुरू झाला तो ख्रिस्त देव की माणूस यावर. पुढे काझीने विचारलं, पैगंबरांविषयी तुमचं मत काय? ओदोरिकच्या सांगण्यानुसार साधूंनी आधी टाळलं. परत परत विचारल्यावर थोमसने कठोर शब्द वापरले. मग उन्हात उभं करणं, आगीत घालणं, आगीतून सहीसलामत बाहेर येणं, हा सगळा भाग ओदोरिक रंगवून सांगतो. मलिक, म्हणजे तिथला अंमलदार, त्यांना सोडून द्यायला तयार होता. काझीने आग्रह धरला आणि रात्री माणसं पाठवून तिघांना ठार केलं. तारीख ९ एप्रिल १३२१. दोन दिवसांनी पीटरलाही मारलं. ओदोरिक असंही म्हणतो की दिल्लीच्या बादशहाला हे कळलं तेव्हा त्याने मलिकाला बोलावून देहदंड दिला आणि काझी पळून गेला.

इथे जरा थांबू. ही गोष्ट आजवर दोन प्रकारे सांगितली गेली. काहींनी ती चमत्काराची कथा म्हणून सांगितली. काहींनी 'ते असेच असतात' हे सिद्ध करायला वापरली. मूळ कागद नीट वाचला तर दोन्हींना तो पुरता साथ देत नाही. त्यात मारणारा काझी आहे, सोडू पाहणारा मलिक आहे आणि शिक्षा करणारा दिल्लीचा बादशहा आहे, तिघेही मुसलमानच. थारा देणारे लोक साधूंच्या लेखी पाखंडी. माणसांची विभागणी आपण आज करतो तशी सरळ रेघेने होत नाही.

आणि एक गोष्ट तर सगळेच विसरतात. ती बाई! सगळं सुरू झालं तिच्या फिर्यादीवरून. मार खाल्ला तिने, साक्षीदार दिले तिने. साक्षीदार आले आणि देव एक की तीन यावर बोलायला लागले. तिची फिर्याद तिथेच राहिली. निकाल काय लागला, ओदोरिक सांगत नाही. सातशे वर्षांत या चार साधूंवर पुस्तकं झाली. थोमसला १८९४ मध्ये चर्चने अधिकृतपणे 'धन्य' घोषित केलं. त्या बाईचं नावसुद्धा कुणी टिपलं नाही. शास्त्रार्थ सुरू झाला की समोरच्या माणसाचं दुखणं कसं बाजूला पडतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आता जोर्दानुसकडे. त्याला वाटेत बातमी कळली. तो परत आला. ठाण्यात भेटलेल्या एका जिनोव्हाच्या तरुणाला मदतीला घेऊन त्याने चौघांचे देह सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या चर्चमध्ये पुरले. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. पुढे ओदोरिक आला, त्याने ती हाडं उकरून बरोबर घेतली आणि थेट चीनमधल्या झैतून बंदरात नेली.

जोर्दानुस उरला एकटा. ऑक्टोबर १३२१ मध्ये त्याने गुजरातेतल्या घोघ्याहून तब्रीझच्या साधूंना पत्र लिहिलं. दुसरं पत्र ठाण्याहून, १३२३-२४ च्या जानेवारीतलं. ही दोन पत्रं म्हणजे त्याच्या आयुष्याचा पहिला पक्का पुरावा. दुसऱ्या पत्रात तो आपली अवस्था सांगतो : चाच्यांनी धरलं, तुरुंगात टाकलं, शिव्याशाप मिळाले, साधूची वस्त्रं जाऊन अंगावर नुसता सदरा राहिला, ताप, हगवण, डोकेदुखी, भूक. एखादा सोबती पाठवा, ही विनवणी. ते वाचताना माणूस हलतो.

पण त्याच पत्रात आणखी एक मजकूर आहे. पोपने या समुद्रात नुसती दोन लढाऊ गलबतं ठेवली तर केवढा फायदा होईल आणि इजिप्तच्या सुलतानाचं केवढं नुकसान होईल, असं तो सुचवतो. मसाल्याचा व्यापार त्या वेळी इजिप्तवरून युरोपात जात असे. त्याची नाडी कुठे आहे हे या एकट्या, आजारी, फाटक्या माणसाला नेमकं कळलं होतं. पोर्तुगीज या समुद्रात आले १४९८ मध्ये आणि गोवा घेतलं १५१० मध्ये. त्यांनी जे केलं त्याचा आराखडा पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात बसून एका भिक्षेकरी साधूने मांडला होता. करुणा वाटावी असा माणूस आणि आरमार मागणारा माणूस, हे दोघे एकच. त्याला संत करायचं की हेर करायचं, ही घाई आपण करू नये.

१३२४ नंतर कधीतरी तो युरोपात परतला. पोप त्या काळात रोमला नव्हते, फ्रान्समध्ये आव्हिन्योंला होते. पोप जॉन बाविसावे यांनी ऑगस्ट १३२९ मध्ये कोल्लमचा धर्मप्रांत स्थापन केला आणि त्याचा बिशप म्हणून जोर्दानुसला नेमलं. भारतातला रोमन, म्हणजे लॅटिन परंपरेचा, हा पहिला धर्मप्रांत. १३३० मध्ये पोपनी कोल्लमच्या ख्रिस्ती लोकांच्या नावे पत्रही दिलं की या बिशपाचं स्वागत करा आणि रोमच्या चर्चशी एक व्हा. जोर्दानुसकडे अजून एक काम सोपवलं : इराणमधल्या सुलतानिया इथल्या आर्चबिशपांना त्यांच्या पदाचं मानवस्त्र पोचवायचं.

बिशप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठं चर्च, हाताखाली पाद्री, जमिनी, उत्पन्न असं येतं. त्या काळी युरोपात ते खरंच होतं. बिशप म्हणजे अर्धा जहागीरदार. या बिशपाकडे काय होतं? एक सनद. ज्यांचा तो बिशप, त्यांनी त्याला मागितलं नव्हतं. त्यांची स्वतःची परंपरा होती, स्वतःचे बिशप इराणकडून येत. आपल्याकडेही इनामाची सनद दिल्लीहून मिळे आणि गावात पाटील उभंही करत नसे, तसलाच हा प्रकार.

युरोपातल्या त्याच मुक्कामाच्या सुमारास त्याने एक छोटं लॅटिन पुस्तक लिहिलं, 'मिराबिलिया देस्क्रिप्ता', म्हणजे आश्चर्यांचं वर्णन. ते छापून आलं थेट १८३९ मध्ये पॅरिसला; हेन्री यूलने त्याचा इंग्रजी अनुवाद १८६३ मध्ये केला. माझ्या मते त्याची खरी कमाई ती सनद नव्हे, हे पुस्तक. त्यात आपल्या मुलखाचं जे चित्र येतं ते थोडक्यात सांगतो.

इथे तीन महिने सारखा पाऊस पडतो आणि उरलेलं वर्ष थेंब नाही. दिवस आणि रात्र यांत फार तर दोन तासांचा फरक पडतो. घोडे, खेचरं, उंट इथे नाहीत. बसायला, ओझी वाहायला, शेत नांगरायला, सगळ्याला बैल. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याने मान डोलवावी असं वर्णन आहे! बैलाला लोक बापासारखा मान देतात, मारत नाहीत. फणस एवढा मोठा की एक फळ पाच जणांना पुरे. आंब्याची गोडी तर शब्दांत सांगता येत नाही, म्हणतो. नारळ आहे, ताडी आहे, ऊस आहे. अग्निपूजक लोक आहेत, ते मृतांना पुरत नाहीत, जाळत नाहीत, छप्पर नसलेल्या मनोऱ्यात ठेवतात. पारशी समाजाची ही नोंद आहे, हे सांगायला नको. सती जाणाऱ्या बायका पाहिल्याचं तो सांगतो; एका मृताबरोबर पाच जिवंत बायका चितेवर बसलेल्या पाहिल्या, असं लिहितो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे माझं लक्ष वेगळ्या जागी जातं. हा माणूस हिंदुस्थानाचे तीन भाग करतो. पहिल्या दोन भागांबद्दल पाहिलेलं सांगतो. तिसरा भाग, म्हणजे आफ्रिकेकडचा, आला की सांगून टाकतो की हे मी पाहिलेलं नाही, विश्वासू माणसांकडून ऐकलंय. मग तिथे रत्नं डोक्यावर घेऊन उडणारे अजगर येतात. आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष वेगळं आणि शब्द वेगळा. शब्द प्रमाण कधी? बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे जाणता आणि खरं बोलणारा. जोर्दानुसने गौतमाचं न्यायसूत्र वाचलेलं नव्हतं, पण 'पाहिलं' आणि 'ऐकलं' यांच्यामध्ये त्याने रेघ ओढली. त्याच्या काळातले पुष्कळ प्रवासी ती ओढत नाहीत. आणि आजही, मोबाईलवर आलेलं पुढे ढकलताना, आपण तरी कुठे ओढतो?

मग त्याचं पाहिलेलं सगळं खरं मानायचं का? मला आज खरं तर इथवर यायचं होतं.

एका ठिकाणी तो या लोकांची स्तुती करतो. खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे, न्यायात चोख. प्रत्येकाला त्याच्या पायरीप्रमाणे जुन्या काळापासून जो अधिकार चालत आला तो ते काटेकोर सांभाळतात. आणि दुसऱ्या ठिकाणी सांगतो की इथे डुंब्री नावाचे लोक आहेत. ते मेलेल्या जनावरांचं मांस खातात, इतरांची हलकी कामं करतात, ओझी वाहतात. आणि त्यांना पूजेला देव मुळीच नाही.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पायरीप्रमाणे अधिकार सांभाळणं म्हणजे न्याय, असं जिथे लिहिलं, त्याच न्यायाची खालची पायरी दुसऱ्या वाक्यात आहे. त्याने दोन्ही पाहिलं, दोन्ही प्रामाणिकपणे लिहिलं. दोन्ही जोडलं नाही.

आणि 'त्यांना देव नाही' हे? मंडळी, त्याच वर्षांत इथून जवळ, पंढरपूरच्या देवळाबाहेर चोखोबा उभे होते. डोम आणि महार या जाती एक नव्हेत, हे मान्य. पण गावगाड्यातली जागा तीच, काम तेच. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला वेशीचं बांधकाम करताना भिंत कोसळून गेले. परंपरा सांगते की नामदेव महाराजांनी त्यांची हाडं शोधून पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ज्या माणसांना देव नाही असं परक्याने लिहिलं, त्यांच्यातलाच एक माणूस देवाशी इतकं बोलत होता की त्याचे अभंग आपण अजून म्हणतो. देव नव्हता असं नाही, देवळात प्रवेश नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला देवळात न जाणारा माणूस दिसला आणि त्याने अनुमान काढलं की याला देव नाही. प्रत्यक्ष बरोबर, अनुमान चूक.

ठाण्यातल्या आणि आसपासच्या ख्रिस्ती लोकांबद्दलही तो असंच लिहितो : हे नावाचे ख्रिस्ती, यांना काही कळत नाही, संत थोमसालाच ख्रिस्त समजतात. ज्या समाजाने आसरा दिला, त्याच समाजाबद्दल हा निवाडा. इथेही त्याने त्यांना त्यांच्या तोंडून ऐकलं असेल असं वाटत नाही. डोळ्यांनी बरंच कळतं, पण समोरच्याच्या मनात काय आहे ते त्याचं ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून चौदाव्या शतकातला महाराष्ट्र समजून घ्यायचा असेल तर जोर्दानुस लागतो आणि चोखोबाही लागतात. एकाने पाऊस, बैल, फणस, सती, मनोरे टिपले. ते आपल्या संतांनी टिपायची गरजच नव्हती, त्यांच्या ते रोजच्या डोळ्यांपुढचं. दुसऱ्याने आत काय जळत होतं ते सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या पदरात घालायला हवी. मूर्तिपूजकांच्या मुलखात देवाचं वचन निर्धास्त सांगता येतं, ज्याला धर्म बदलायचा त्याला कुणी अडवत नाही, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय. चार सोबत्यांना सोपाऱ्याला पुरून आलेल्या माणसाने हे लिहिलं. दुःखाने त्याची दृष्टी सगळीच गढूळ झाली नाही. दोनतीनशे चांगले साधू मिळाले तर दरवर्षी दहा हजारांहून जास्त लोक ख्रिस्ती करू, असंही तो लिहितो. तो हिशेब मात्र निधी मागायला आलेल्या माणसाचा समजावा. पत्रात त्याने स्वतः दिलेले बाप्तिस्मे शेदीडशेच्या घरातले आहेत.

पुढे त्याचं काय झालं? १३३० नंतर त्याच्या हातचा एकही कागद उपलब्ध नाही. तो ठाण्यातच मारला गेला अशी कथा नंतरच्या पुस्तकांत येते, तिला त्या काळचा आधार नाही. १३४८ च्या सुमारास मारिन्योली नावाचा पोपचा दूत चीनहून परतताना कोल्लमला राहिला. तिथे त्याला संत जॉर्जचं एक लॅटिन चर्च दिसलं. जोर्दानुसचं नाव तो काढत नाही. कोल्लमचा धर्मप्रांत मग जो मोडीत निघाला, तो परत उभा राहिला १८८६ मध्ये.

म्हणजे हिशेब असा : पाचशे-साडेपाचशे वर्षं कागदावरच राहिलेलं एक पद, दोन पत्रं आणि एक लहान पुस्तक. पद वाऱ्यावर गेलं. पत्रं आणि पुस्तक राहिलं, कारण त्यात पाहिलेलं पाहिलेलं म्हणून लिहिलं होतं. जिथे चुकला तिथेही त्याचा कागद आपल्याला उपयोगी पडतो, कारण कुठे चुकला ते ताडून बघता येतं. आपल्यापैकी कुणी गावाचा इतिहास लिहीत असेल, देवळाची, पेठेची, आपल्या घराण्याची टिपणं करत असेल, तर त्याने एवढं जरूर करावं : पाहिलेलं एका वहीत, ऐकलेलं दुसऱ्या वहीत. आणि ज्याच्याबद्दल लिहिता त्याच्या दारात एकदा जाऊन त्याला विचारावं.

वेळ बराच झाला. प्रश्न असतील तर जरूर विचारा.